मेगापिक्सेलच्या पलीकडची तुलना हवी

संपादक महाशय,

रविवारच्या पुरवणीत जुन्या-नव्या डीएसएलआर (आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्यांची तुलना वाचली. सगळा भर मेगापिक्सेलवर, म्हणजे फोटोत किती दशलक्ष ठिपके (पिक्सेल) मावतात त्यावर दिसला, म्हणून हे पत्र.

सासवडला माझा फोटो स्टुडिओ आहे. निकॉनचा २००८ सालचा, १२ मेगापिक्सेलचा डी९० मी अजून वापरतो, जोडीला २०१७ चा डी७५०० आहे. १२ चे २४ मेगापिक्सेल झाले की फोटो दुप्पट मोठा छापता येतो, असे गिऱ्हाइकांना वाटते. डी९० चा फोटो ४२८८ बाय २८४८ पिक्सेलचा आणि निकॉनच्याच २४ मेगापिक्सेलच्या डी५६०० चा ६००० बाय ४००० चा. म्हणजे लांबी-रुंदी दीडपटही वाढत नाही. लग्नाच्या अल्बमचे १२ बाय १८ इंची पान डी९० च्या फोटोवर उत्तम छापून येते.

नवा कॅमेरा उजवा ठरतो तो कमी उजेडात. सोमवती अमावास्येला जेजुरीच्या खंडोबाची पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला जाते. दिवस कलल्यावर, भंडारा उधळलेला असताना डी९० चा आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० वर नेला की सावलीत रंगीत दाणे उठतात आणि भंडाऱ्याचा पिवळा मातकट होतो. डी७५०० वर ६४०० लाही खांदेकऱ्यांचे चेहरे स्वच्छ येतात. शिवाय फोकसचे बिंदू ११ ऐवजी ५१, त्यामुळे गर्दीतला हवा तो चेहरा पटकन पकडता येतो. पालखी, कीर्तन, रात्रीची वरात हेच ज्याचे काम, त्याने नव्यासाठी जरूर पैसे मोजावेत. व्हिडिओसाठीही नवाच घ्यावा. व्हिडिओ घेणारा पहिला डीएसएलआर हा मान डी९० चा, पण चित्रीकरण सुरू असताना त्याचा ऑटोफोकस चालत नाही.

लेखात एक मोठी गोष्ट राहून गेली, ती म्हणजे कॅमेऱ्याच्या बॉडीतली फोकस मोटर. डी९० ची लेन्स काढली, तर माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यात स्क्रू ड्रायव्हरच्या टोकासारखा बारीक दांडा दिसतो. बॉडीतली मोटर त्याच्यामार्फत स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या डी लेन्सचा फोकस फिरवते. डी७५०० मध्ये ही मोटर आहे, डी५६०० मध्ये नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एका मुलाने डी५६०० घेतला आणि स्वस्त मिळाली म्हणून ५० एमएम एफ १.८ डी लेन्सही. दुकानदार काही बोलला नाही. आता प्रत्येक फोटोला त्याला हाताने फोकस करावा लागतो. निकॉनच्या मिररलेस (आरसा नसलेल्या) झेड कॅमेऱ्याला जुन्या लेन्स जोडण्याचा एफटीझेड अडॅप्टर लावूनही या लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. घरच्यांनी पै-पै जमवून दिलेल्या पैशांतून कॅमेरा घेणाऱ्या मुलांना हे आधी कळायला हवे.

पुढच्या तुलनेत प्रत्येक बॉडीपुढे फोकस मोटर आहे की नाही आणि आयएसओ ३२०० ला काढलेला एक फोटो एवढे तरी छापावे, ही विनंती.

– एक छायाचित्रकार, सासवड