रांगेला उत्साह म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सत्राच्या पहिल्या आठवड्यात विद्यापीठाच्या आवारात झालेल्या गर्दीचे वृत्त कालच्या अंकात वाचले. आपल्या वार्ताहराने त्या गर्दीला ‘तरुणाईचा उत्साह’ म्हटले आहे आणि ‘यंदा विद्यार्थी जास्त आले’ हे प्रशासनाचे उत्तर एकही प्रतिप्रश्न न करता छापले आहे. बातमी मेहनतीने लिहिली आहे, हे मान्य करते. परंतु छायाचित्रातल्या तशाच एका रांगेत गेल्या वर्षी माझी मुलगी उभी होती, म्हणून हे पत्र लिहिणे भाग पडले.

ओळखपत्रासाठी सर्व शाखांच्या नव्या विद्यार्थ्यांना एकाच दिवशी सकाळी दहाला बोलावले होते. खिडक्या तीन होत्या आणि त्यांतली एक बंद होती. साडेनऊपासून उभी असलेली मुलगी पावणेएकला खिडकीशी पोहोचली, तेव्हा तिला सांगण्यात आले की शुल्काच्या पावतीची प्रत साक्षांकित केलेली हवी. ही अट सूचनापत्रात नव्हती, फलकावरही नव्हती. खिडकीच्या काचेला आतून चिकटवलेल्या हस्तलिखित कागदावर ती होती आणि तो कागद रांगेत पहिला नंबर लागल्याशिवाय दिसतच नव्हता. ती प्रत साक्षांकित करून आणेपर्यंत खिडकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद झाली, रांगेतली जागाही गेली. पहिल्या दिवसाचे दोन्ही तास बुडाले. संध्याकाळी घरी आली तेव्हा तिच्या हातात तीच पावती होती, घामाने घडीवरची शाई फुटलेली. ‘आई, मी चुकीच्या रांगेत उभी होते का गं?’ एवढेच तिने विचारले. ती चुकली नव्हती, हे त्या दिवशी तिला एकाही जबाबदार माणसाने सांगितले नाही, याचा राग मला आजही आहे.

मी सांख्यिकी शिकवते, त्यामुळे ‘विद्यार्थी जास्त’ हे कारण मला पटत नाही. एका विद्यार्थ्याला चार मिनिटे लागत असतील, तर एका खिडकीवर तासाला पंधरा जणांचेच काम होते. दहाच्या ठोक्याला दोनशे जण बोलावले, तर दोन खिडक्यांवर शेवटच्याचा नंबर लागायला साडेसहा तासांहून अधिक वेळ जाणार, हे बोलावणाऱ्याला आदल्या दिवशी कागदावर मांडता येते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी अशा गणिताचा पाया १९०९ मध्येच घातला. येणारे अनियमित येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमीजास्त असेल, तर ढोबळ हिशेबाने, नव्वद टक्के वेळ कामात असलेल्या खिडकीशी सरासरी नऊ जण असतात. पंचाण्णव टक्क्यांना तेच एकोणीस होतात. म्हणजे काम जेमतेम वाढते आणि रांग दुप्पट होते. शाखावार वेळा ठरवून देणे, सगळ्या खिडक्यांसाठी मिळून एकच रांग लावणे आणि लागणाऱ्या कागदांची यादी दोन दिवस आधी कळवणे, यासाठी नवी इमारत लागत नाही.

जिन्यांचेही तेच आहे. सगळे वर्ग एकाच ठोक्याला सुटतात आणि त्याच ठोक्याला भरतात, म्हणून उतरणारे आणि चढणारे दोघेही त्याच दहा मिनिटांत त्याच जिन्यावर असतात. निम्म्या वर्गांची वेळ वीस मिनिटांनी पुढे नेली, तरी ही कोंडी बरीच सैल होईल.

जिन्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक सांगते. त्याच आठवड्यात कुबड्या घेऊन चालणारा एक विद्यार्थी तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गासाठी त्या लोंढ्यातून जिना चढताना माझ्या मुलीने पाहिला. कठड्याला धरून तो प्रत्येक वळणावर थांबत होता आणि मागचे लोक त्याला वळसा घालून, धक्का देत पुढे जात होते. लिफ्ट होती, चालूही होती; तिच्या दारावर ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ अशी पाटी होती. ती पाटी अजून तिथेच आहे का, एवढे आपल्या वार्ताहराने पुढच्या फेरीत पाहावे आणि असल्यास तिचे छायाचित्र छापावे, ही विनंती.

आपली,
एक वाचक आणि अध्यापिका