शिष्यवृत्तीचा हिशेब पदवी हाती पडेपर्यंतचा हवा

संपादक महोदय,

घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलांसाठी अनेक माजी विद्यार्थी दांपत्ये आपल्या जुन्या कॉलेजात शिष्यवृत्ती ठेवतात. याचे मोल आम्ही शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणारे लोक चांगलेच जाणतो. म्हणूनच सांगावेसे वाटते, की देणगीचा आकडा ठरतो, पण पुढच्या वर्षांचा हिशेब राहून जातो.

अभ्यासक्रम चार वर्षांचा आणि दरवर्षी एक नवा विद्यार्थी निवडायचा, असे धरू. पहिल्या वर्षी एकाचा खर्च, दुसऱ्या वर्षी दोघांचा आणि चौथ्या वर्षापासून कायम चौघांचा. मुद्दलाच्या चार टक्केच दरसाल खर्च करायचे आणि त्याहून जास्तीचे उत्पन्न महागाईसाठी मुद्दलातच ठेवायचे, तर एका विद्यार्थ्यामागे त्याच्या वार्षिक खर्चाच्या २५ पट मुद्दल लागते. चौघांसाठी १०० पट. २५ पटींवर दरवर्षी नवी निवड केली, की दुसऱ्याच वर्षी ओढाताण सुरू होते आणि पहिला विद्यार्थी मध्येच अडकतो. तेवढे पैसे नसतील तर चार वर्षांतून एकदाच निवड करावी, पण निवडलेल्याला शेवटपर्यंत न्यावे. रक्कमही ठरावीक आकड्यात लिहू नये. शुल्क दरसाल आठ टक्क्यांनी वाढले तर नऊ वर्षांत दुप्पट होते. तेव्हा ‘शुल्काचा अमुक हिस्सा’ असे लिहिलेले बरे.

निकष लिहिताना हात आखडता घ्यावा. पतीचा विभाग, पत्नीचे मूळ गाव, शिवाय अमुक टक्के गुण अशा अटी एकावर एक चढल्या, की पात्र उमेदवारच मिळत नाही आणि पैसे पडून राहतात. ‘असा विद्यार्थी न मिळाल्यास पहिल्या पिढीतील कोणत्याही गरजू विद्यार्थ्यास द्यावी’ हे एक वाक्य करारात असलेच पाहिजे. पहिली पिढी म्हणजे कोण, तेही तिथेच स्पष्ट करावे: आई-वडील दोघेही पदवीधर नसलेले. मोठ्या बहिणीची पदवी आड येऊ नये. पुरावा म्हणून स्वयंघोषणापत्र पुरेसे आहे. ‘पदवी नाही’ असा दाखला आणायचा तरी कुठून?

पैसे उशिरा आल्यामुळेही मुले गळतात. प्रवेश शुल्क, वसतिगृहाची अनामत, लॅपटॉप हे सगळे वर्ग सुरू होण्याआधीच भरावे लागते. ‘पावती दाखवा, मग पैसे’ ही पद्धत म्हणजे त्या घराला आधी कर्ज काढायला लावणे. पहिला हप्ता प्रवेशाबरोबरच द्यावा. पहिल्या सत्रात गुण घसरले म्हणून शिष्यवृत्ती लगेच बंद करू नये, एका सत्राची सवलत असावी. आणखी एक काळजी: बाहेरची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून काही संस्था स्वतःची मदत तेवढीच कमी करतात. मग विद्यार्थ्याच्या हाती काहीच जास्तीचे पडत नाही. ‘इतर मदतीव्यतिरिक्त’ हे शब्द करारात लिहून घ्यावेत.

निवड समितीवर देणगीदारांनी स्वतः बसू नये, आणि धनादेश देतानाच्या छायाचित्राची सक्ती तर मुळीच नको. करारावर दोघांच्याही सह्या असाव्यात; एकाच्या पश्चात किंवा दोघे विभक्त झाल्यास अटी बदलण्याचा अधिकार कोणाकडे राहील, तेही त्याच कागदावर लिहावे.

– शिष्यवृत्ती समितीचे काही सदस्य