नहराच्या पारीवरून चौदा सायकली

ता. लाखांदूर, जि. भंडारा
२९ नोव्हेंबर

चि. ताई,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या डिसेंबरातल्या सायकल सहलीबद्दल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही फक्त रस्ता बघून ठेवा." बघितला. काल सकाळी काळी सायकल शेजारच्या टेम्पोत टाकली, गोसीखुर्द धरणाच्या अलीकडे उतरलो आणि डाव्या नहराच्या (कालव्याच्या) पारीने, म्हणजे काठाच्या बांधावरून, चालवत घराकडे आलो. ज्या वाटेने चौदा मुलामुलींनी सायकलने जायचं, ती वाट सायकलवरूनच बघायला हवी. फटफटीवरून खड्डा कळतो, काटा कळत नाही.

तुझ्या मित्रांना नदीच्या अगदी काठाने जायचं आहे, हे मला कळतं. वैनगंगा बघायलाच येणार ती पोरं. पण काठाला सलग वाट नाही. मध्ये नाले येतात, रेती येते, कुठे कुठे बांध्या, म्हणजे धानाची शेतं, थेट पाण्याला भिडलेल्या आहेत. रेतीत सायकल चालत नाही, ओढावी लागते. उजवा नहर मोठा, ९९ किलोमीटर, पार आसोलामेंढा तलावापर्यंत जातो; तो एका दिवसात होत नाही. डावा जवळपास २३ किलोमीटरचा. सकाळी निघून, थांबत थांबत, दुपारी जेवायला घरी येता येईल एवढाच. म्हणून डावाच धरा.

चढ किती, असं तुझ्या मैत्रिणीने विचारलं होतं. तिला सांग, चढ नाही. रस्ता सरळ जायला बघतो, नहर एका उंचीवर राहायला बघतो. टेकाड आलं की तो वळसा घेतो, नाला आला की जलसेतूने वरून जातो नाहीतर सायफनने खालून. उतार त्यालाही असतो, पण हजारो मीटरला एखादा मीटर. डोळ्याला दिसत नाही, पाण्याला कळतो. नदी मात्र आपल्या उताराने खाली खाली जात राहते. त्यामुळे धरणापाशी हाताशी असलेली वैनगंगा पुढे लांब सरकते, आणि दोघांच्या मधली जमीन नहराच्या पाण्याने भिजते. आपल्या चौरास पट्ट्याचं सगळं गणित या दोन रेषांमध्ये आहे. चालवताना दोन्हीकडे बघायला सांग त्यांना. नदीच्या अंगाला गहू आणि उन्हाळी धानाचे पऱ्हे (रोपं), वरच्या अंगाला नुसत्या ओलीवर आलेली लाखोळी आणि जवस. पाटबंधाऱ्याच्या नोकरीभर मी हेच मोजलं, पण सायकलवरून बघताना काल मला ते पहिल्यांदा एकसंध दिसलं.

आता जे सांगतो ते पोरांना मोठ्याने वाचून दाखव.

नहराचं पाणी नदीसारखं दिसत नाही, शांत दिसतं. तेच वाईट आहे. नदीला काठ असतो, झाड असतं, उथळ जागा असते. नहराच्या दोन्ही बाजू सिमेंटच्या, उतरत्या आणि पाण्याच्या रेषेला शेवाळलेल्या. नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा एका नहरावर पाण्याची पातळी वाचायला मी दोन पावलं खाली उतरलो आणि घसरलो. मला पोहता येतं, तुला माहीत आहे. पण बाहेर येता येईना. हात लावला की घसरायचं, नखं टेकवली की घसरायचं. पाणी मला पुढच्या पुलापर्यंत घेऊन गेलं. तिथे एक गुराखी होता. त्याने गाईच्या गळ्यातलं दावं सोडून माझ्याकडे फेकलं. पुढे थोड्या अंतरावर सायफनचं तोंड होतं. तिथे पाणी खाली ओढलं जातं, माणूस वर येत नाही. हे मी तुझ्या आईलाही आजवर सांगितलं नव्हतं.

म्हणून पंधरा मीटरच्या नायलॉनच्या दोन दोऱ्या सोबत ठेवायच्या. एक सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे. कोणी पडलं तर त्याच्यामागे कोणीही उडी मारायची नाही, जिगरी दोस्त असला तरी. पाण्याच्या दिशेने पुढे धावायचं आणि पुढून दोरी फेकायची. पडलेल्याने भिंतीला झोंबत दम घालवायचा नाही. उताणं व्हायचं, पाय पुढे ठेवायचे, पायऱ्या किंवा दोरी येईपर्यंत तरंगायचं. पाय धुवायला, बाटली भरायला, फोटोला, कशालाही सिमेंटच्या उतारावर पाय ठेवायचा नाही. चालवताना नेहमी पाण्यापासून लांबच्या कडेने, एकामागे एक. जोडीने गप्पा मारत चालवायची हौस गावच्या रस्त्यावर आल्यावर भागवा. जलसेतू आला की उतरून, सायकल हातात धरून पायी.

चौदा जणांत सगळे सारखे चालवणारे नाहीत, हे तूच लिहिलं आहेस. दोघी तर आठवीनंतर सायकलवर बसल्या नाहीत. तुमचा वेग त्या दोघी ठरवतील. मुरमाच्या वाटेवर त्यांना तासाला आठ-दहा किलोमीटर जमलं तर पुष्कळ. पुढे असा एक ठेव ज्याला आपला वेग दाबून ठेवता येतो. जोरात चालवणारा पुढे ठेवू नकोस. सर्वांत मागे तू स्वतः राहा, पंप आणि पंक्चरचं सामान घेऊन. पुढच्याला कोणी ओलांडायचं नाही आणि तुझ्या मागे कोणी उरायचं नाही. एवढे दोन नियम पाळले तरी खूप झालं. प्रत्येक पुलावर सगळ्यांनी थांबायचं, मोजायचं, चौदा झाले की निघायचं. शेवटची येऊन पोचली की लगेच निघू नका, तिलाही दम घेऊ द्या. नाहीतर पुढचे विसावलेले आणि मागची दिवसभर बिनविसाव्याची, असं होतं. शाळेच्या सहलीत तुझंच असं झालं होतं, तू रडत घरी आली होतीस.

नहरावर ठराविक अंतराने दगड आहेत, त्यांवर किलोमीटर आणि मीटर लिहिलेले असतात. आम्ही त्याला साखळी क्रमांक म्हणतो, नहराच्या तोंडापासून मोजलेलं अंतर. जाताना प्रत्येक दगड वाचायची सवय लाव. फोन करायची वेळ आली तर "झाडाजवळ आहोत" सांगून कोणी पोचत नाही. दगडावरचा आकडा सांगितला तर मी थेट तिथे येतो. १०८ ला फोन केलात तर मात्र जवळच्या गावाचं नाव आणि त्या गावाचा पूलही सांगायचा.

काट्यांचं आता. पारीवर बाभळी आहेत, आणि उघड्या जागी गोखरू पसरलेलं आहे. काल मला दोन पंक्चर झाले. माझा टायर जाड आहे तरी. ज्यांच्या सायकलींचे टायर बोटाएवढे बारीक आहेत त्यांनी त्या आणूच नयेत, जाड टायरची भाड्याने घ्यावी. प्रत्येकाने आपल्या मापाची एक ट्यूब आणायची; सव्वीसच्या चाकाची ट्यूब एकोणतीसला चालत नाही, आणि ऐन वेळी हे कळून उपयोग नाही. व्हॉल्व्हही बघून घे. आपल्या गावच्या पंपाने साध्या सायकलीत हवा भरते, गिअरच्या सायकलीचा व्हॉल्व्ह फटफटीसारखा असतो, काहींचा अगदी बारीक. दोन्ही बसतील असा पंप नागपूरहूनच आणा. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवून काटा शोधायचा, तो राहिला तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत जाते. बोट फिरवू नका, माझं कापलं आहे.

धानाची मळणी सुरू आहे, त्यामुळे पारीवर जागोजाग तणस, म्हणजे धानाचा पेंढा, सांडलेली आहे. ती दिसायला मऊ, पण गिअरच्या चाकात गुंडाळली की साखळी अडकते. तणस दिसली की पायडल न मारता तेवढी जागा पार करायची. धानाची पोती घेऊन ट्रॅक्टर जातात, ट्रॉली रुंद असते आणि चालवणाऱ्याला मागचं ऐकू येत नाही. ट्रॅक्टर आला की सगळ्यांनी शेताच्या बाजूला उतरून उभं राहायचं, पाण्याच्या बाजूला नाही.

पाऊस झाला तर यायचंच नाही. डिसेंबरातही कधी कधी ढग येतात. मुरूम आहे तिथे ठीक, पण मध्ये तीन-चार ठिकाणी काळी माती वर आली आहे. ती भिजली की चाक आणि मडगार्डच्या मध्ये भरते आणि चाक फिरतच नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला तर मी फोन करीन आणि आपण तारीख पुढे ढकलू. तेव्हा कोणी नाराज व्हायचं नाही.

वेळ साडेसातची ठेव, त्याआधी नाही. त्या दिवसांत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, पण नदीकडून धुकं येतं आणि पाण्याची कड दिसत नाही. शिवाय नदीपलीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे, आणि वाघाला अभयारण्याची हद्द माहीत नसते. आपल्याकडे लोक अंधारात एकटे शेतात जात नाहीत, तुम्हीही अंधारात पारीवर राहायचं नाही. आदल्या रात्री कोणाला झाडीपट्टीचं नाटक बघायची इच्छा झाली तर मी तुझ्या आईकडून आधीच नाही म्हणून घेतलं आहे. नाटक पहाटेपर्यंत चालतं. राईड झाल्यावर रात्री हवं तर वडस्याच्या बाजूला घेऊन जाईन सगळ्यांना.

एका जलसेतूखाली आग्या मोहोळ आहे, मोठं. ती जागा मी दाखवीन. तिथे आरडाओरड नाही, सिगारेट नाही, अंगाला अत्तराचा फवारा नाही, आणि पायी चालत शांतपणे पुढे जायचं.

परवानगीचा अर्ज तुम्हीच लिहा. पारीवरचा रस्ता पाटबंधाऱ्याच्या कामासाठी आहे, फिरायला म्हणून केलेला नाही. उपविभागाच्या कार्यालयात तारीख, वेळ, कुठून कुठपर्यंत आणि चौदा नावं असा साधा अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. त्याच वेळी पाण्याच्या पाळीचंही, म्हणजे नहराला पाणी कधी सोडणार तेही, विचारून घेऊ. गेट उघडलं की पातळी वाढते, आणि ती गाजावाजा करून वाढत नाही. पोलीस पाटलांना मी सांगतो.

येताना सायकली टेम्पोत आणा, उमरेड-भिवापूरमार्गे पवनी, मग नदी ओलांडून डाव्या तीरावर. दोन सायकलींच्या मध्ये जुनं गोधडं घाला, नाहीतर गिअरचा पत्रा वाकतो. भिवापूरला थांबाल तेव्हा आईसाठी तिथली मिरची घे, दोन किलो. वेळ उरला तर पवनीला जगन्नाथ टेकडी बघा. तिथे १९६९-७० मध्ये उत्खनन होऊन जुना बौद्ध स्तूप निघाला होता. पण ते आदल्या दिवशीच बघा.

अजून एक. निघायच्या जागी आई येणार आहे. तिचं माहेर त्या धरणात गेलं, हे तुझ्या मित्रांना माहीत नसेल. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते धरणाचं भूमिपूजन झालं तेव्हा ती शाळेत होती. गाव उठलं ते त्यानंतर खूप वर्षांनी, तुझ्या आजोबांनी घराची लाकडं स्वतः उतरवली. आणि त्याच पाण्यावर आज आपल्या दोन बांध्या उन्हाळ्यातही पिकतात. दोन्ही खरं आहे, आणि तिला दोन्हीचं वाटतं. ती म्हणाली, सायकली निघण्याआधी पोरांना पाच मिनिटं पाण्याकडे तोंड करून उभं करा, मला गाव कुठे होतं ते दाखवायचं आहे. तेव्हा कोणी घाई करू नये एवढं तू बघ.

जेवण घरीच. रोडगे आणि वांग्याची भाजी, चिन्नोरचा भात. गोवऱ्या बाजूला काढून ठेवल्या आहेत. वाटेत खायला मुरमुरे, गूळ, केळी. पाणी प्रत्येकी दोन लिटर, नहराचं कोणी पिऊ नये.

तुझी मानव विकासची, म्हणजे शाळेत असताना सरकारी योजनेतून मिळालेली, सायकल मी उतरवून धुतली. त्याच सायकलवर तू चार किलोमीटर शाळेत जायचीस. बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं, ब्रेकचे रबर बदलले, मागचा टायर नवा टाकला. तू तीच चालव, शेवटी राहायला ती बरी आहे, कॅरिअरवर दोरी आणि सामान बसतं.

रविवारपर्यंत मला चौदा नावं, प्रत्येकाच्या घरचा एक फोन नंबर आणि चाकाचं माप पाठव. कोणाला पोहता येतं आणि कोणाला नाही, हेही प्रत्येक नावापुढे लिही.

तुझे
बाबा