सुजलेला हात आणि परिचारिकेची वीस मिनिटे

माननीय संपादक,
स. न.

ऑक्टोबर हा स्तनकर्करोगाच्या जनजागृतीचा महिना आणि खानदेशात कापूस वेचणीचाही. शस्त्रक्रिया होऊन काही महिने झालेली बाई शेतात परतते आणि तिचा त्या बाजूचा हात जड पडू लागतो. असे होऊ शकते, हे तिला बहुतेक वेळा कोणी सांगितलेलेच नसते. डिस्चार्ज कार्डावर 'हाताची काळजी घ्यावी' एवढी एक ओळ असते. ती ओळ समजावून, करून दाखवायला परिचारिकेला वीस मिनिटे लागतात. प्रत्येक शस्त्रक्रियेमागे ती राखून ठेवावीत, एवढ्यासाठी हे पत्र.

काखेतल्या लिम्फ ग्रंथी काढल्या की हातातले पाणी परत जाण्याची वाट अरुंद होते. काखेला शेक, म्हणजे रेडिएशन दिले असेल तर आणखीच. काख पूर्ण साफ केलेल्या साधारण पाचपैकी एकीला अशी सूज येते. तपासणीपुरत्या एक-दोन ग्रंथी काढल्या असतील तर शंभरात पाच-सहा जणींना. पहिल्या दोन वर्षांत ती जास्त दिसते, पण पुढेही येऊ शकते. हा हत्तीरोग नव्हे आणि कोणाला लागतही नाही, हे घरच्यांना समोर बसवून सांगावे.

शिकवणे शस्त्रक्रियेच्या आधी, टेपने सुरू व्हावे. ज्या हाताने काम जास्त तो मुळात किंचित जाड असतो. आधीचे माप नसेल तर नंतरची सूज किती, हा नुसता अंदाज. हात टेबलावर सैल ठेवून पंजा, मनगट, कोपराच्या खाली १० सेंमी आणि वर १० सेंमी अशी दोन्ही हातांची मापे घ्यावीत. टेप कातडीला टेकावी, रुतू नये. शिलाईच्या डब्यातली जुनी कापडी टेप ताणून लांबलेली असते. तिने माप कमी भरते आणि सूज लपते. दोन हातांतला फरक पहिल्या मापापेक्षा २ सेंमीने वाढला की दाखवायला यायचे. खरे तर टेपच्या आधी बांगडीला कळते. 'सूज आहे का' विचारले तर बायका नाही म्हणतात. 'हात जड वाटस का, बांगडी घट्ट व्हयनी का' असे विचारले की खरे उत्तर मिळते.

मग घरगुती उपाय सुरू होतात, आणि बिघडते ते तिथे. तेल लावून जोरात रगडणे, विटेचा शेक, हात गळ्यात अडकवून ठेवणे, या तिन्हींनी सूज वाढते. लघवीच्या गोळ्यांनी ती उतरत नाही. मेडिकलमधून आणलेले क्रेप बँडेज नुसत्या दंडाला गुंडाळले तर पाणी पंजात उतरून बोटे फुगतात. पट्टी बोटांपासून वर, पंजाशी घट्ट आणि वर सैल होत जाणारी हवी, ती बांधायची पद्धत शिकूनच. दाबाची बाही, म्हणजे कॉम्प्रेशन स्लीव्ह, मापाने घ्यावी. सकाळी चढवावी, रात्री काढावी. वरची कड दुमडली तर तिथे दोरी आवळल्यासारखे होते. मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, बाही घामाने भिजते. म्हणून दोन हव्यात. एक धुऊन सावलीत वाळेपर्यंत दुसरी. साधारण सहा महिन्यांत तिचा ताण जातो.

हात हलता ठेवायचाच. मूठ उघडझाप आणि कोपर वाकवणे शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून. खांद्याच्या वर हात नेणे मात्र ड्रेन, म्हणजे जखमेतले पाणी बाहेर काढणारी नळी, निघाल्यावर, डॉक्टरांना विचारून. भिंतीवर बोटे चढवत जायचे आणि रोज जिथे पोचली तिथे पेन्सिलीची खूण करायची. वजन हळूहळू वाढवत उचलायला हरकत नाही. एकदम भरलेली घागर नको.

सर्वांत जपायचे ते कातडीला. कापसाच्या वाळक्या बोंडाची टोके बोटांना ओरखडतात; त्यातून जंतू शिरतात. वेचताना हातमोजा आणि जुन्या सदऱ्याची लांब बाही, झोळी दुसऱ्या खांद्याला. मांडे, म्हणजे खापरावरच्या मोठ्या पुरणपोळ्या, करतानाही तेच. मांडा कोपरापर्यंत हातांवर फिरवून तापल्या खापरावर टाकताना चटका ठरलेला. मांड्यांना हात लावू नको म्हटलेले खानदेशात कोणी ऐकणार नाही. पण तिने पुरण वाटावे, खापरापाशी दुसरीने बसावे. ओरखडा आला तर साबणाने धुऊन मलम. हात लाल, गरम झाला, थंडी वाजून ताप आला तर पट्टी सोडून, लालीच्या कडेने पेनाची रेघ ओढून त्याच दिवशी डॉक्टरांकडे. अँटिबायोटिकला उशीर परवडत नाही.

हे पाठ म्हणून न वाचता बाईकडून तिच्याच हाताने करून घ्यावे, सोबत सून किंवा मुलगी असावी. ड्रेन काढताना उजळणी, पुढे दर तीन महिन्यांनी माप. गावात हे टेपचे काम आशाताईही करू शकतात. डिस्चार्ज कार्डावर त्या मापांसाठी दोन रकाने छापायचे आहेत: डावा आणि उजवा.

– शस्त्रक्रिया विभागातील परिचारिका, जळगाव जिल्हा