बिनमिठाची आमसुलं वाळवून ठेवणाऱ्या वहिनींना

प्रिय वहिनी आणि भाऊ,

सप्रेम नमस्कार. तुमची नावं इथं लिहीत नाही, ते तुम्हाला आवडायचं नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत, कारण आमच्यासारखी जोडपी घरोघरी आहेत.

ह्यांची बायपास झाली तेव्हापासून आमचं बाहेरचं खाणं बंद, आणि खाण्यापायी फिरणंही बंद. डॉक्टर म्हणाले, आता खुशाल प्रवास करा. पण जाऊन जेवायचं कुठं? हॉटेलात मीठ कमी सांगितलं की मान डोलावतात आणि ताटात तीच भाजी येते. घरगुती खानावळवाल्यांनी तरी दोघांसाठी वेगळं पातेलं का चढवावं? आम्हाला हवी होती एक शेगडी, चार भांडी आणि मीठ आपल्या हातात. तुमचं वेळणेश्वराकडचं ते दोघांपुरतं घर मिळालं आणि माघात आम्ही निघालो.

जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, मागं नारळ-पोफळीची वाडी, हे सगळं फोटोत दिसलं होतंच. फोटोत न दिसलेलं सांगते. ओट्यावरची विळी धार लावलेली होती. चहा-साखर, काड्यापेटी, हळद-तिखट, सगळं ज्याच्या त्याच्या जागी. फळीवर बरणीच्या बुडाचा एक गोल डाग तेवढा होता. लोणच्याची बरणी तुम्ही आम्ही यायच्या आधीच उचलून नेली होती ना? फोनवर मी एकदाच ह्यांच्या पथ्याचं बोलले होते.

आणि आमसुलं! सोलकढीसाठी मी आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली मागितली, तर तुम्ही म्हणालात, "आगळ टिकायला मीठ घालावंच लागतं, ते ह्यांना चालणार नाही." मग घरातून एक डबा आणलात. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं नुसत्या त्यांच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवलेली, काळपट जांभळी, मिठाचा कण नसलेली. आम्ही घाटावरची माणसं, आमसुलात मीठ असतं-नसतं हे मला ठाऊकच नव्हतं. ती भिजवून कोळली, खोबरंही बेतानंच सांगितलंय म्हणून दूध पातळ काढलं, वर लसूण ठेचून घातली. ह्यांनी दोन वाट्या प्यायल्या आणि मीठ मागितलं नाही. ऑपरेशननंतर असं पहिल्यांदाच झालं. घरी रोज ताटावर बसलं की आमची ह्यावरून कुरबुर असते, वहिनी. मी पहारेकरी आणि हे कैदी. तुमच्या त्या ओट्याशी हे माझ्या शेजारी बसून नारळ खवत होते.

सुकटीच्या वाटेला जाऊ नका, ती खारट असते, ताजी मुडदुशी मासळी घ्या, आजाऱ्याला तीच देतात, हेही तुम्हीच सांगितलंत. कोळीणमावशींना आमच्या दारी पाठवलंत. तिरफळं किती घालायची तेही दाखवलंत, आणि मग मागं वळून न बघता गेलात. एवढी माया असून एकदाही "सगळं ठीक ना?" म्हणून दार वाजवलं नाहीत. दोन माणसांना एकटं राहू देणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते भरल्या घरात आयुष्य काढलेल्या बाईला विचारा.

भाऊ, ह्यांना कळशी उचलायला लागू नये म्हणून तुम्ही पिंप रोज सकाळी मोटारीनं भरून ठेवत होतात, ते आम्ही पाहिलंय. आणि भरतीचा हिशेब तर ह्यांनी घरी येऊन सगळ्यांना शिकवला. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला साधारण तीनला भरती, अष्टमीला सहाला, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. हेदवीच्या बामणघळीचं, खडकातल्या अरुंद चिरेतून उसळणारं पाणी बघायचं तर भरतीला, पण लांबून, हे तुम्ही दोनदा बजावलंत म्हणून मी निर्धास्त होते.

येताना कुंभार्ली चढून कोयनानगरला चहाला थांबलो, तेव्हा हे म्हणाले, आपण आणि ते लोक एकाच पाण्याचे. खरंच आहे. कोयनेचं थोडं पाणी आमच्या कराडात प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं. धरणातून बोगद्यानं पश्चिमेला वळवलेलं पोफळीच्या वीजघरात वीज करून वाशिष्ठी नदीत उतरतं आणि दाभोळला तुमच्या समुद्रात जातं. शाळेत भूगोलात वाचलं होतं, पण ओळखीची माणसं दोन्ही टोकांना झाल्यावर ते वेगळं वाटलं.

चिपळूणच्या एसटीनं भाचा येतोय, त्याच्याकडे कोरेगावचा वाघ्या घेवडा आणि इथला गूळ दिलाय. घेवडा रात्रभर भिजत घाला. पैसे विचारू नका, मीही आमसुलांचे विचारले तेव्हा तुम्ही रागावला होतात.

यंदा रातांबे उतरले की बिनमिठाची आमसुलं थोडी जास्त घाला. आमच्या शेजारच्या आजोबांनाही हवी आहेत. आणि दिवाळीनंतरचा आठवडा आमच्या नावावर लिहून ठेवा.

कराडहून,
तुमच्या घरात स्वयंपाक करून गेलेली दोघं