मोहरीवरील बंबाखू सगळीकडे सारखा नाही

महोदय,

ग्वाल्हेर-भिंड पट्ट्यात मोहरीच्या मुळाशी जांभळट फुलांचे, एकही हिरवे पान नसलेले जे तण उगवते, ज्याला हिंदीत मरगोजा म्हणतात, तो आपला बंबाखूच, म्हणजे पिकाच्या मुळातून अन्नरस शोषून जगणारे परजीवी तण. फाल्गुनात एका परिचितांच्या शेतात मी एक झाड उपटले, तर त्याचे बूड मोहरीच्या मुळातच रुतलेले होते आणि वाळक्या बोंडातून तळहातावर काळ्या धुळीसारखे बी सांडले. हे बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. युरोपात सूर्यफुलावरील बंबाखूच्या नवनव्या जातींनी प्रतिकारक्षम वाणांवर एकामागून एक मात केली, याचे मूळ त्याच्या जनुकीय वैविध्यात आहे. मोहरीवरील बंबाखूही गावोगाव वेगळा असू शकतो. म्हणून येथील राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालयाने मोहरीचे प्रत्येक नवे वाण गावोगावच्या बंबाखूच्या बियांवर पारखूनच शेतकऱ्यांच्या हाती द्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर