दूध-बन आणि आज्जीची पुरणपोळीची कणीक

चि. सोन्या,

अनेक आशीर्वाद.

रात्री तू पाठवलेला बनांचा फोटो बघितला. पप्पांनी चष्मा लावून, मोठा करून बघितला आणि म्हणाले हे बन हाय की शेंगदाण्याचा लाडू. राग मानू नकोस, माझा पहिला बन त्यांनी चहात बुडवला होता, चहा संपला पण बन काय भिजला नाही. तेव्हा मी दूध उकळून लगेच यीस्टवर ओतलं होतं, बिचारं यीस्ट तिथंच मेलं. दूध बोट बुडवलं तर कोमट लागेल एवढंच पाहिजे, बाळाला पाजतो तसं.

पण तुझी चूक ती नाही. मैदा 300 ग्रॅमच घेतलास काय म्हणून विचारलं तर म्हणालास हो, पण चिकटालंय म्हणून "थोडा" वाढवला. हा थोडा किती असतो ते मला चांगलं माहीत हाय. आपला हात पडला चपातीचा, पीठ बोटाला लागलं की हात आपसूक डब्याकडं जातो. मी चार वेळा तसंच केलं आणि चारही वेळा बन घट्ट झाले, दुसऱ्या दिवशी तर गोळीबंद.

तू आज्जीची पुरणपोळीची कणीक आठव. होळीला ती कणीक सैल भिजवायची, वर तेल घालून झाकून ठेवायची, मग तिंबायची, परत तिंबायची, उचलली की लोंबायची पण तुटायची नाही. आणि लग्नात मांडे करणाऱ्या बायका बघितल्यास की, हातावर फिरवून फिरवून रुमालाएवढा मांडा करतात आणि उपड्या खापरावर टाकतात, त्या काय पीठ चिकटतंय म्हणून रडत बसतात काय? बनाचं पीठ त्याच जातीचं.

आता नीट वाच. 300 मधला 20 ग्रॅम मैदा बाजूला काढ, 100 मिली दुधात गार असतानाच गुठळ्या मोडून मिसळ आणि बारीक गॅसवर ढवळत राहा, चमचा फिरवला की मागं रेघ उमटायला लागली की झालं, खीर करत बसू नकोस. हे तंत्र जपान-चीनकडचं, तांगझोंग म्हणतात. साधारण 65 डिग्रीला मैद्यातला स्टार्च फुगतो आणि पाणी धरून ठेवतो, त्यामुळं बन दोन दिवस मऊ राहतो. पूर्ण गार कर. मग उरलेला मैदा, 50 ग्रॅम साखर, एक सपाट चहाचा चमचा इन्स्टंट यीस्ट, त्याच चमच्यानं पाऊण चमचा मीठ (बटर खारं असेल तर अर्धाच) आणि 110 मिली कोमट दूध. दूध सगळं एकदम ओतू नकोस, दोन चमचे मागं ठेव, प्रत्येक मैदा वेगळं पाणी पितो. दूध मी नंदिनी ब्रँडचंच वापरते, तुझ्याकडं बेंगळुरात पण तेच.

कालवलं की 20 मिनिटं झाकून सोडून दे. हे कोण करत नाही आणि तिथंच अर्धं काम होतं, पीठ आपलं आपण जुळून येतं. त्यानंतर 40 ग्रॅम मऊ बटर, थोडं थोडं. आधीच घातलंस तर मैद्याला तूप चोपडल्यागत होतं, तार यायला वेळ लागतो. बटर घातल्यावर पाच मिनिटं असा चिखल होईल की टाकून द्यावं वाटेल. टाकू नकोस, मैद्याचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवून ये (मी खरंच ठेवते). ओट्यावर आपट, ओढ, दुमड, पंधरा-वीस मिनिटं. लिंबाएवढा तुकडा ताणून खिडकीकडं धर, उजेड दिसला आणि फाटला नाही तर झालं. ह्याला विंडोपेन टेस्ट म्हणतात, मी मांडा टेस्ट म्हणते.

फुगायला एक तास लिहिलेलं असतं ते उन्हाळ्यातलं. बेळगावात जुलैत पाऊस लागला की माझं पीठ दोन तास ढिम्म हलत नाही. बंद ओटीजीत (आपला छोटा ओव्हन) गरम पाण्याची वाटी ठेवून पिठाचं पातेलं आत ठेवायचं, दुप्पट झालं की नऊ गोळे, 8 इंची टिनात थोडी जागा सोडून. परत फुगून एकमेकाला टेकले की वर दूध लाव, 180 डिग्रीला 20-22 मिनिटं. ओटीजी आधी दहा मिनिटं तापव, आणि पातेलं बाहेर काढून मग तापव, मी एकदा प्लॅस्टिकच्या झाकणासकट तापवलाय, पप्पांना सांगू नकोस. बाहेर काढल्या काढल्या बटर फिरव.

लहानपणी पप्पा कॅम्पातनं कागदात बांधून बन आणायचे, तू वरचा गुलाबी भाग खाऊन खालचा मला द्यायचास. तसला वरचा भाग येतो ह्यात, खालचा पण बरा लागतो.

रविवारी कर. वरनं फोटो नको, मधोमध फाडून आतला पाठव, धागे सुटतात काय बघते. आणि त्या यीस्टच्या पाकिटावरची तारीख बघ, फोडलेलं असेल तर डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेव.

तुझी
आई